शेतावरच्या शिबिराला निघण्यापूर्वी

चार दिवस कुणाच्या तरी शेतावर राहू, ठेकेदार नको, केटरर नको, सगळे आपणच करू, असा बेत भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये चहा घेताना सहज ठरतो. बेत ठरला की चर्चा सुरू होते ती सामानाची: तंबू कुठला घ्यायचा, टॉर्च कुणाकडे आहे, बूट चालतील की चपला. माझे म्हणणे असे, की पिशवी सर्वांत शेवटी भरावी. आधी पाणी, संडास आणि चूल यांचे हिशेब कागदावर मांडावेत. ते नीट मांडले असतील तर निम्मे सामान घरी विसरूनही शिबिर पार पडते. ते मांडलेच नसतील तर उत्तम तंबूत झोपलेली माणसेही दुसऱ्या दिवशी दुपारी घरचा रस्ता धरतात.

टाउनशिपमध्ये वाढलेल्यांना हे हिशेब जड जातात, आणि त्याला कारण आहे. पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. कारखान्याबरोबर सेक्टर वसले आणि पाणी, वीज, गटार, दवाखाना यांची काळजी कारखान्यानेच वाहिली. नळ सोडला की पाणी येते आणि वापरलेले पाणी कुठे जाते हे कुणाला पाहावे लागत नाही. दुर्ग, धमधा किंवा पाटणच्या बाजूच्या एखाद्या शेतावर मात्र एक बोअर, एक खोली आणि राखणदाराची एक खाट असते. ही सोय चार माणसांपुरती. तिथे चाळीस माणसे मुक्कामाला गेली की दहापट भार पडतो, आणि आयोजक नसल्यामुळे तो भार उचलणारे वेगळे कुणीच नसते. आलेला प्रत्येक जण यजमानच असतो.

असे राहण्याची आपल्याकडे जुनी आणि चांगली परंपरा आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच शहर सोडून खेड्यात भरले, ते खानदेशातल्या फैजपूरला. तिथे टिळकनगर नावाची तात्पुरती वस्ती उभी राहिली. तिच्या सजावटीसाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले आणि त्यांनी बांबूसारख्या आसपास मिळणाऱ्या साहित्यातूनच ती केली. साने गुरुजींनी त्या अधिवेशनासाठी गावोगाव फिरून काम केले. पुढे १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने शिबिर हेच शिक्षणाचे साधन मानले. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेचीही शिबिरे भरतात. आज पन्नाशीत असलेल्या अनेकांनी आयुष्यातला पहिला चर कॉलेजच्या एनएसएसमध्येच खणला.

भिलाईच्या मराठी माणसाला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र सोमनाथचे. चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ बाबा आमट्यांच्या महारोगी सेवा समितीने १९६७ साली हा शेतीप्रकल्प सुरू केला. कुष्ठरोगातून बरे झालेल्या माणसांनी ती जमीन कसून उभी केली. बाबांच्या मनात तिथे श्रमिकांचे विद्यापीठ होते, आणि त्या विचारातूनच मे महिन्यातली श्रमसंस्कार छावणी सुरू झाली. देशभरातून तरुण येतात, सकाळी अंगमेहनतीचे काम करतात, ऊन चढले की सावलीत चर्चा, व्याख्याने, गाणी. इथून जायचे तर दुर्गहून गोंदिया गाठायचे आणि गोंदिया-बल्लारशा मार्गावर मूलला उतरायचे. पहिल्यांदाच शिबिराला जाणाऱ्याने आधी अशा मुरलेल्या ठिकाणी आठवडाभर राहून यावे, असे मी आग्रहाने सांगेन. कामाची वेळ उन्हाप्रमाणे कशी ठरते आणि जेवणानंतर भांडी कशी मार्गी लागतात, हे तिथे न शिकवता कळते.

आता आपल्या बेताकडे वळू. पहिले काम पाहणीचे. दोघातिघांनी शेतमालकाला सोबत घेऊन सगळे रान पायी फिरून यावे. फोनवर आलेल्या फोटोंवर जागा ठरवू नये. छत्तीसगडचा शेतकरी जमिनीला नावाने ओळखतो, आणि ती नावे शिबिरार्थीच्या फार उपयोगाची आहेत. कन्हार म्हणजे काळी, चिकट माती. एक सर पडली तरी तिच्यात गाडीचे चाक रुतते. मटासी पिवळसर, हलकी. भाठा म्हणजे तांबडी, मुरमाड, उंचावरची जमीन. तिथे पीक जेमतेम येते, पण पाणी साचत नाही. तंबूसाठी भाठाच मागावा. धानाचे बांध दिसायला सपाट आणि मोहक असतात, पण ती जागा पाणी अडवण्यासाठीच घडवलेली असते. अवकाळी पाऊस आला तर चारी बाजूंच्या धुऱ्यांमध्ये तंबूंचे तळे होते.

शिवाय कापणीनंतर रिकामे दिसणारे शेत खरोखर रिकामे असेलच असे नाही. दुर्ग, राजनांदगावकडे उतेरा पद्धत आहे. धान उभे असतानाच, जमिनीत ओल आहे तोवर, त्यात तिवरा किंवा अळशी फेकून पेरतात. तिवरा म्हणजे आपल्या विदर्भातली लाखोळी. धान कापल्यावर खुंटांच्या मधून ते पीक वर येते. नवख्याला ते गवत वाटते, आणि त्यावर तंबू ठोकला की शेतकऱ्याचे रब्बीचे उत्पन्न गेले. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखालची जागाही घेऊ नये. पहाटे पडणारी फुले वेचण्यासाठी ती जागा घरोघरच्या बायकांनी झाडून ठेवलेली असते आणि त्या फुलांवर त्या घरांचा हक्क असतो. जिथे पिके निघाल्यावर गुरे मोकळी सोडतात, तिथे धान्याची पोती तंबूत उघडी ठेवणे म्हणजे गुरांना आमंत्रण. हे सारे शेतमालक सांगतो, मात्र विचारावे लागते. त्याचा स्वतःचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: "पानी कतका लागही?"

या प्रश्नाला आकड्यात उत्तर देता आले पाहिजे. आपत्तीनंतरच्या छावण्यांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या स्फिअर मानकांत माणशी रोज किमान १५ लिटर पाणी धरतात: पिणे, स्वयंपाक, हातपाय धुणे आणि जुजबी आंघोळ मिळून. मातीत काम करणार असाल तर २० धरा. चाळीस माणसांना रोज ८०० लिटर, म्हणजे २०० लिटरचे चार ड्रम. बोअर असेल तर मोटर वीज असेपर्यंतच चालणार, आणि शेतीची वीज ठरावीक तास असते. म्हणून वीज कधी येते ते विचारून ड्रम भरण्याची पाळी त्या वेळेला लावावी, मग ती वेळ रात्री दोनची का असेना. पिण्याचे ड्रम वेगळे, झाकणाचे आणि खाली तोटी असलेले हवेत. तोटी नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे. पेला हातात धरून ड्रममध्ये बुडवला, की त्या हाताचे जे काही असेल ते चाळीस जणांच्या पोटात जाते.

विहिरीचे पाणी असेल तर ते निर्जंतुक करावेच. हिशेब सोपा आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, पुन्हा ३.१४ ने गुणा आणि ४ ने भागा. उत्तर घनमीटरमध्ये येते, एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते सुमारे ३७,७०० लिटर भरते. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर, जिला ग्रामपंचायतीत टीसीएल म्हणतात, हजार लिटरला अडीच ग्रॅम लागते. म्हणजे या विहिरीला ९५ ग्रॅमच्या आसपास. पावडर बादलीत आधी कालवावी, गाळ खाली बसू द्यावा, वरचे पाणी विहिरीत सोडावे आणि किमान तासभर थांबून मगच उपसा करावा. पुडी जुनी, ओलसर असेल तर तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो, म्हणून नवी विकत घ्यावी. एवढे करायचे नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या आणाव्यात आणि पाकिटावर लिहिलेले प्रमाण पाळावे. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही. आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्यावे.

संडासाबद्दल बोलायला लोक संकोचतात, आणि शिबिरे नेमकी तिथेच मोडतात. "शेतच आहे, कुठेही जाता येईल" हे वाक्य ज्या बैठकीत उच्चारले जाते, तिथे बहुतेक वेळा बायकांचे मत विचारलेले नसते. बाई अंधार पडेपर्यंत थांबते, थांबता यावे म्हणून पाणी कमी पिते आणि उन्हात काम करून आजारी पडते. म्हणून पहिला तंबू उभा राहण्याआधी चर खणलेला असावा. वीस माणसांमागे एक जागा हे प्रमाण धरावे, बायकांची आणि पुरुषांची वेगळी. आठवड्याच्या मुक्कामाला ३० सेंटीमीटर रुंद आणि ९० सेंटीमीटर ते दीड मीटर खोल चर पुरतो. विहीर, बोअर, नाला यांपासून तो किमान ३० मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा. खणलेली माती काठावरच ठेवावी, तिच्यात एक डबा खोचून ठेवावा, आणि प्रत्येकाने उठताना डबाभर माती टाकावी. माशा आणि वास यांच्यावर याहून चांगला उपाय नाही. चर जमिनीपासून वीतभर खाली राहिला की मातीने दाबून बंद करायचा आणि नवा खणायचा. भाठ्याची मुरमाड जमीन फावड्याला दाद देत नाही, तेव्हा पहार आणि टिकाव सोबत न्यावेत.

या कामाला आपल्याकडे थोर माणसांचे हात लागले आहेत. कोकणात कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे सोनखत करणाऱ्या संडासांसाठी वर्षानुवर्षे खपून काम केले. सफाई हे एका जातीच्या माथी मारलेले काम राहू नये, ते प्रत्येकाचे व्हावे, हा त्यांचा ध्यास होता. शिबिरात सफाईची पाळी सर्वांना लावणे आणि पहिली पाळी वयाने, मानाने मोठ्या माणसाने घेणे हा त्याच विचाराचा भाग आहे. गावातून पैसे देऊन सफाईला माणूस आणायचा असेल तर शिबिर भरवूच नये. संडासाजवळ पाण्याचा ड्रम, साबण आणि रात्री कंदील हवा. पाळीच्या कापडासाठी, पॅडसाठी झाकणाचा डबा हवा, आणि तो परत शहरात आणून रीतसर कचऱ्यात द्यायचा आहे. शेतात पुरायचा नाही.

चुलीचे काम त्या मानाने आनंदाचे. चाळीस माणसांच्या एका जेवणाला कच्चा तांदूळ माणशी सव्वाशे ग्रॅम धरला तर पाच किलो, आणि डाळ ५० ग्रॅमने दोन किलो. अंगमेहनतीचे काम असेल तर तांदूळ आणखी किलोभर वाढवावा. किराणा आणि भाजी सुपेल्याच्या आकाशगंगा बाजारातून एकत्र घेता येते. टोमॅटो मात्र शेताच्या परिसरातच घ्यावेत, कारण धमध्याकडचा पट्टा त्यांच्यासाठीच ओळखला जातो. मोठे गंज, झारे, पराती मंगल कार्यालयातून भाड्याने मिळतात. भाड्याची भांडी मोजून घ्यावीत आणि नेण्याआधी त्यांना जळती ज्योत दाखवून तळ गळतो का ते पाहावे, असे म्हातारे आचारी सांगतात. मी तळात पाणी भरून पाहतो, तेही पुरते. जमिनीत चर खणून, वाऱ्याच्या दिशेला तोंड ठेवून केलेली चूल लाकूड कमी खाते. ती तणसाच्या ढिगापासून, ज्याला इथे पैरा म्हणतात, खूप लांब असावी आणि शेजारी पाण्याच्या दोन बादल्या नेहमी भरलेल्या असाव्यात. कोरड्या पैऱ्याला ठिणगी लागली तर तो विझवायला वेळच मिळत नाही.

उन्हाळ्यात शिबिर असेल तर सकाळचा नाश्ता ठरवताना इथल्या मजुराकडे पाहावे. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी मीठ, कांदा, चटणीसोबत खाल्लेली बोरे-बासी हे छत्तीसगडच्या कष्टकऱ्याचे अन्न आहे. १ मे २०२२ रोजी कामगार दिनाला तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी ती खाण्याचे जाहीर आवाहन केल्यावर शहरातल्या लोकांनाही तिची आठवण झाली. पाणी आणि मीठ दोन्ही पोटात जाते, आणि पहाटे चूल पेटवावी लागत नाही. एकच पथ्य: भात स्वच्छ पाण्यात भिजवावा, झाकून ठेवावा आणि सकाळीच संपवावा. दुपारपर्यंत ठेवू नये.

एवढे करूनही कुणाला जुलाब लागले, तर जलसंजीवनी हवी. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपातून मीठ-साखरेचे पाणी पाजून कॉलऱ्याच्या रुग्णांना वाचवले, आणि जगाला या साध्या उपायाची ताकद कळली. पाकिटे सोबत ठेवावीतच. पाकीट संपले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नये, जास्त झाले तर घात होतो.

झोपण्याच्या बाबतीत मी एका गोष्टीवर अडून बसतो, ती म्हणजे मच्छरदाणी. थंडीत डास नसले तरी ती लावावी आणि चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचावी. आपण जिला मण्यार म्हणतो ती इथे करैत. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात शिरते आणि तिच्या दंशाला फारशी वेदना किंवा सूज नसते. माणूस पहाटे पोट दुखते म्हणून उठतो, मग पापण्या जड होतात. असे लक्षण दिसले तर खूण सापडो वा न सापडो, सर्पदंश समजून थेट मोठ्या दवाखान्यात न्यावे. चिरा देणे, चोखणे, दोरीने आवळणे यातले काहीही करू नये. दंश कळला असेल तर तो हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा. प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच असते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. सेक्टर ९ च्या रुग्णालयाचा किंवा दुर्गच्या जिल्हा रुग्णालयाचा रस्ता शेतापासून किती मिनिटांचा आहे, हे पाहणीच्या दिवशीच गाडी चालवून बघावे. एक गाडी रात्रंदिवस शेतावर उभी असावी, तिची किल्ली सर्वांना ठाऊक असलेल्या एकाच खिळ्यावर लटकलेली असावी, आणि चालकाने ती कन्हारावर उभी करू नये.

विजांचे भय उन्हाळ्याच्या शेवटी खरे असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले दामिनी ॲप दोघातिघांच्या फोनवर असावे. गडगडाट ऐकू आला की काम थांबवायचे. एकट्या मोहाखाली किंवा तंबूत आसरा घेऊ नये. पक्की खोली किंवा बंद गाडी हीच सुरक्षित जागा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबायचे.

आता पिशवी. तिच्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. बंद बूट, दोन सुती पूर्ण बाह्यांचे सदरे, गमछा, टॉर्च, पाण्याची बाटली, स्वतःची ताटली-वाटी-पेला, रोजची औषधे दोन दिवस जास्तीची. डिसेंबर-जानेवारीत उघड्या रानात पहाटे हाडे गोठतात, तेव्हा जाड पांघरूण. खाली अंथरायला पैऱ्याचा थर मिळाला तर गादीची गरज नाही, मात्र पैरा शेतमालकाला विचारून आणि मोल देऊन घ्यावा, कारण तो त्याच्या गुरांचा वर्षाचा चारा असतो.

राहिला कारभार. आयोजक नाही याचा अर्थ कुणीच जबाबदार नाही असा झाला, तर तिसऱ्या दिवशी दोन बायका स्वयंपाक करत असतात आणि उरलेले गप्पा मारत असतात. म्हणून निघण्यापूर्वीच सिविक सेंटरला सगळ्यांनी एकदा प्रत्यक्ष जमावे. नेहरू आर्ट गॅलरीच्या आसपास बसायला जागा मिळते. तिथे पाच-सहा जणांचे गट पाडावेत आणि पाणी, चूल, सफाई, राखण ही कामे गटांमध्ये रोज फिरती ठेवावीत. गुडघे दुखणाऱ्याला भाजी चिरायला, हिशेब लिहायला बसवावे, पण यादीतून कुणाचेही नाव वगळू नये, लहान मुलांचेही नाही. वर्गणी आधी गोळा करावी आणि खर्चाची वही सर्वांना दिसेल अशी चुलीपाशी टांगावी. रात्री जेवणानंतर अर्धा तास बैठक, तीत तक्रारी आधी आणि गाणी नंतर. काही गैर घडले तर बोलता यावे अशी दोन माणसे, त्यातली एक बाई, पहिल्याच रात्री नावाने सांगून ठेवावीत. दारू चालणार नाही हेही बैठकीतच ठरवावे. शेतावर पोहोचल्यावर ठरवायला गेले तर वाद होतो.

शेतमालकाला काय द्यायचे हेही आधीच बोलून घ्यावे. तो नको म्हणतो, पाहुणे आहात म्हणतो. तरी विजेचे, पैऱ्याचे, लाकडाचे पैसे मोजून द्यावेत, आणि जमले तर एखादे काम त्याच्यासाठी करून द्यावे: फुटलेला धुरा बांधणे, विहिरीचा काठ साफ करणे, नाल्यातला गाळ उपसणे. कोणते काम हे त्याने सांगावे. आपल्या हौसेचे काम त्याच्या शेतावर लादू नये.

परतीचा दिवस वेळापत्रकात पूर्ण दिवस म्हणून धरावा. चर बुजवणे, चुलीची राख विझवून पसरणे, तंबूचे खुंटे मोजून काढणे (जमिनीत राहिलेला एक लोखंडी खुंटा पुढच्या नांगरणीला बैलाचा पाय किंवा ट्रॅक्टरचे टायर फाडतो), प्लॅस्टिकचा प्रत्येक तुकडा वेचणे, भांडी मोजून परत देणे, यात चाळीस माणसांची अख्खी सकाळ जाते. ज्यांना दुपारच्या गाडीने नागपूरकडे जायचे असेल, त्यांनी आपल्या वाट्याचे काम आदल्या संध्याकाळी उरकावे आणि तसे वहीत लिहून ठेवावे.